वाल उघडा कोणी ठेवला

शांतीचा नवरा मोरू भला माणूस होता, आणि शांतीला त्याच्या भलेपणाचाच संशय यायचा. आता हे सांगणार कुणाला? बाकीच्या बायका नवऱ्याच्या दारूचं रडायच्या, हात उगारण्याचं रडायच्या. हिचा नवरा दारूला शिवायचा नाही, आवाज चढवायचा नाही, आमटीत मीठ नसलं तर मुकाट अळणी ओरपायचा. "बरी झालीय ना आमटी?" "व्हय." "का अळणी हाय?" "व्हय." दोन्हीला व्हय. शांती पेणची, पापड लाटणाऱ्यांच्या घरातली. पिठात पापडखार किती पडलाय ते तिला नुसतं बोट लावून कळायचं. पण सतरा वर्षं संसार करून हा माणूस आतून कुठल्या चवीचा आहे, त्याचा पत्ता लागला नव्हता. जिथं अति गोड तिथं मुंग्या असायच्याच, असं तिची आई म्हणायची. शांती सतरा वर्षं त्या मुंग्या शोधत होती.

मोरू मूळचा निडीचा. रोह्याला एका केमिकल कंपनीत फिटरच्या हाताखाली होता. सगळी शिफ्ट त्याला व्हयबा म्हणायची. सुपरवायझर रघूच्या घरी गॅसची टाकी पोचवायची, व्हय. कुणाची तरी दुसरी पाळी करायची, व्हय. युनियनवाले म्हणाले संप करू, व्हय. साहेब म्हणाले संपानं वाटोळं होतं, व्हय. दोन्हीकडचे त्याला आपला समजायचे आणि पाठ वळली की दोन्हीकडचे म्हणायचे, याच्या पोटात काय आहे ते देवच जाणे.

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या बैठ्या चाळीत त्यांची खोली, आणि भिंतीला भिंत लागून लतीफची. लतीफ त्याच कंपनीत ऑपरेटर. त्याची बायको अनीसा आणि शांती यांचं वाटीवाटीनं देणंघेणं. लतीफचा थोरला भाऊ सईद कुवेतला होता, पण तिकडं लढाई पेटली आणि तो एक पिशवी घेऊन अंगावरच्या कपड्यानिशी परत आला. तेव्हापासून सईदची बायकामुलं धरून सात माणसं लतीफच्या एका नोकरीवर जेवत होती. हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, मोरूला तर भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं.

एक्याण्णव सालचा जानेवारी सरत आला होता. एका सकाळी कंपनीत अमोनिया सुटला. मोरू नेहमीच्या वेळी घरी आला, सदरा खुंटीला लावला, चहा प्याला. शांतीनं विचारलं, "आज सायकलची चैन नाय पडली वाटतं?" तो म्हणाला, "व्हय." त्याच्या कपड्यांना डोळे चुरचुरावेत असा वास होता. तासाभरानं बाहेर रडारड ऐकू आली, म्हणून शांती दारात गेली, तेव्हा तिला कळलं की लतीफ दवाखान्यात आहे आणि त्याला श्वास घेता येत नाही. तिनं वळून नवऱ्याकडं पाहिलं. तो कप विसळत होता.

तिथंच पहिली मुंगी दिसली म्हणायची.

लतीफ वाचला. खोकला मात्र छातीत ठाण मांडून बसला. तो घरी आला त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं: कामावरून तात्पुरतं कमी, चौकशी होणार. कंपनीत व्हॉल्व्हला सगळे वालच म्हणायचे. तर लतीफनं वाल उघडा ठेवला म्हणून गळती झाली, असा ठपका. आणि वाल उघडा पाहिल्याचा साक्षीदार एकच.

अनीसा दारात आली ती आत आलीच नाही. "भाभी, तुमच्या माणसानं सही केलीय. लतीफनं वाल उघडा ठेवला म्हणून." एवढंच बोलली आणि गेली. तिच्या हातात शांतीची वाटी होती, ती उंबऱ्यावर ठेवून गेली. रिकामी. या दोन घरांत वाटी कधी रिकामी परत गेली नव्हती.

शांतीनं मोरूला समोर उभं केलं. "लतीफभाऊंनी वाल उघडा ठेवला?"

"व्हय."

"मग ते म्हणतात मी बंद केला, ते खोटं?"

मोरू म्हणाला, "नाय, खोटं कसं."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहून दिलात?"

"व्हय."

शांतीचं डोकं सणकलं. हातातलं लाटणं तिनं पाटावर आपटलं. मारायला नव्हे, आपटायला. पण मोरू जागच्या जागी ताठ झाला. डोळे भिंतीवरच्या एका डागावर, हात मांडीला चिकटलेले, ओठ पांढरे. "बोला की." नाही. "अवो, मी काय विचारते?" नाही. तिनं खांदा हलवला तर आख्खा माणूस लाकडासारखा हलला. शांतीला वाटलं, काय सोंग काढलंय. बायकोनं पकडलं म्हणून आता वारं आल्याचं नाटक. ती तणतणत पाणी भरायला गेली, ती परत आली तर मोरूनं सगळी भांडी घासली होती, तिच्या लुगड्याची घडी घातली होती आणि विचारत होता, "शांते, पाय दुखतात का गो तुझे? चेपू?"

कर नाही त्याला डर कशाला? शांतीचा संशय आता पक्का झाला. कंपनीनं याला काहीतरी कबूल केलंय. बढती असेल, नाहीतर निडीच्या भावकीत कुणाला चिकटवायचं वचन असेल. त्यात एक दिवस सदरा धुताना खिशात एसटीचं तिकीट सापडलं. रोहा ते पेण. सुट्टीचा दिवस. हा माणूस पेणला जाऊन आला, तिच्या माहेराच्या दारावरून गेला, आणि घरात अवाक्षर नाही. "पेणला गेला होता?" "व्हय." "कशाला?" पुन्हा तो भिंतीवरचा डाग.

तिनं दुसऱ्याच दिवशी निडीची गाडी पकडली. कुठंतरी पाणी मुरतंय, तर ते सासूकडं आधी कळलेलं असणार, हा तिचा हिशेब. सासूचं नाव बायजा. नवरा हैबतराव जाऊन दहा वर्षं झाली होती. ती ओटीवर परात घेऊन भिजलेले वाल सोलत होती. मोड आलेले कडवे वाल, कोमट पाण्यातून काढून एकेक दाणा बोटांत दाबायचा, साल इकडं आणि डाळिंबी तिकडं. शांती न बोलता समोर बसली आणि तीही सोलायला लागली. मग खडा टाकून पाहिला.

"आई, वाल उघडा कोणी ठेवला त्यावरून मोठं रामायण झालंय. ह्यांनी सांगून टाकलं."

बायजाचे हात थांबले. म्हातारीच्या तोंडावरचा रंग गेला. "तुला कोणी सांगितलान? मोरूनं?"

"मग कोण सांगणार?"

"एवढ्या वर्षांनी?"

शांती चमकली. घटना होऊन महिना झाला नव्हता. पण ती पेणची होती, गप्प राहून समोरच्याला बोलू द्यायचं तिला कळत होतं. तिनं दोन दाणे सोलले.

"टाकले होते ते मी, गो," बायजा म्हणाली. "महिपतीनं नाय नि मोरूनं नाय. मी."

तेव्हा कुठं शांतीच्या लक्षात आलं, की म्हातारी कंपनीच्या वालाबद्दल बोलत नाही. ती परातीतल्या वालांबद्दल बोलते आहे.

मग हळूहळू सगळं निघालं. मोरू नऊ वर्षांचा, त्याचा थोरला भाऊ महिपती बारा. वाल झोडून खळ्यात वाळत टाकलेले. बायजा पाण्याला गेली, जाताना वर गोणपाट टाकायचं विसरली, आणि अवकाळी सर येऊन सगळं पीक भिजलं. हैबतराव शेतातून आला आणि अंगणात उभा राहून ओरडला, वाल उघडे कोणी टाकले? महिपती पळाला. "पळाला तो बांधावर घावला. जुवाच्या शिवळानं, त्या लाकडी खुंटीनं, मारलान त्याला. हात मोडला तो आजपण वाकडाच हाय. मोरू खांबाला टेकून उभा होता तो हललाच नाय. बापूस त्याच्यासमोरनं तीनदा गेला, त्याला बघितलान पण नाय. मग बापसानं विचारलान, महिपतीनंच टाकले ना? मोरू म्हणाला, व्हय. आणि जाऊन बापसाचे पाय चेपीत बसला."

"आणि तुम्ही?"

"माझी जीभ टाळ्याला चिकटली, गो. मी चूल फुंकीत बसले." बायजानं परातीतला एक दाणा उचलून दाबला. "नंतर मीच शिकवला त्याला. बापूस काय बोलेल त्याला व्हय म्हणायचा, हसायचा, पाणी द्यायचा. पळाला तो मोडला. हलला नाय तो वाचला. मला काय ठाऊक तो जल्मभर तसाच उभा राहील?"

शांतीला म्हातारीचा राग आला, दया आली, आणि राग पुन्हा आला. निघताना तिनं एकच विचारलं. "खरं कसं काढायचं ह्यांच्या तोंडातून?"

"समोर उभा करून नाय निघायचा. हातात काम दे आणि बाजूला बस. तोंडाकडं बघू नको. व्हय का नाय असा विचारू नको."

आता डॉक्टर लोक सांगतात म्हणे, की भ्यालेला माणूस पळतो नाहीतर भांडतो, एवढंच नसतं. कुणाचं अंगच गोठतं, कुणी भीतीपोटी समोरच्याशी गोड गोड होतं, आणि हे ठरवून होत नाही. त्या काळी रोह्यात हे सांगणारं कोणी नव्हतं. तिथं अशा माणसाला दोनच शब्द होते, भित्रा आणि चमचा. शांतीला तरी कुठं सगळं पटलं होतं? नऊ वर्षांचं पोर थिजलं, हे ठीक. छत्तीस वर्षांचा बाप्या कसा थिजतो? म्हातारीनं लेकाला वाचवायला गोष्ट रचली नसेल कशावरून? पण येताना तिनं सासूकडून शेरभर वाल आणले आणि घरी येताच भिजत घातले.

तिसऱ्या दिवशी मोड तरारले. रविवारची दुपार होती. तिनं परात मध्ये ठेवली आणि मोरूच्या समोर न बसता शेजारी बसली, दोघांची तोंडं दाराकडं. बराच वेळ दोघं नुसते सोलत राहिले. मग ती परातीला सांगितल्यासारखं म्हणाली, "कंपनीतला वाल कसा असतो कुणास ठाऊक. मी तर बघितलाच नाय."

मोरूची बोटं चालत होती. "चाक असतं," तो म्हणाला. "त्याच्याखाली दांडा. दांड्याला पॅकिंग, गॅस गळू नये म्हणून." एक दाणा. "पॅकिंग सडलं होतं. मीच सांगितलं रघूला. तो म्हणाला, सुतळी गुंडाळ आणि चालव." दोन दाणे. "लतीफनं बंद केला होता. पार शेवटापर्यंत. वास तिथून नाय आला, दांड्याच्या बाजूनं आला."

शांतीला वळून बघायचं होतं, बघितलं नाही. पेणचंही निघालं. रघूनं ये म्हटलं म्हणून तो गेला. चौकशी करणारे वकील पेणचे होते. त्यांच्या कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर कंपनीच्या माणसानं त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं, की विचारलं की व्हय म्हणायचं. बढती नव्हती, वचन नव्हतं, काहीही नव्हतं. फुकट. शांतीला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण तिला वाटलं, पैशापायी केलं असतं तर निदान समजलं तरी असतं.

ती लतीफकडं गेली. अनीसानं पाट दिला नाही. शांतीनं उभ्याउभ्याच सांगितलं: चौकशीत ह्यांना समोरून विचारू नका, आवाज चढवू नका, व्हय-नायचं काही विचारू नका, हातात काहीतरी द्या आणि शेजारी बसा. लतीफ खोकत ऐकत होता. खोकला थांबल्यावर म्हणाला, "भाभी, राग नको. हे शिकवून कंपनीनं तर नाही ना पाठवलं तुम्हाला?" त्याच्या जागी शांती असती तर तिनंही हेच विचारलं असतं.

चौकशीचा दिवस आला. पेणला वकिलांच्या कचेरीत दाराला नुसता पडदा होता. बाहेरच्या बाकावर एका टोकाला अनीसा, दुसऱ्या टोकाला शांती, मध्ये चार माणसांची जागा. आत टाइपरायटर वाजत होता. कंपनीच्या माणसाचा आवाज आला. "हा जबाब तुमचाच?" "व्हय." "सही तुमचीच?" "व्हय." "लतीफनं वाल उघडा ठेवला, बरोबर?" "व्हय." अनीसानं डोळे मिटून घेतले. शांतीला वाटलं, झालं. परातीपाशी बोलला तोही व्हयच होता. मला हवं होतं ते मला दिलं, कंपनीला हवं ते कंपनीला देतोय.

मग साक्षीदाराला प्रश्न विचारायची लतीफची पाळी. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि टेबलावर काहीतरी जड ठेवल्याचा. सकाळी त्याच्या पिशवीत शांतीनं ते बघितलं होतं, भंगारवाल्याकडून आणलेला जुना वाल. कंपनीच्या माणसानं हरकत घेतली, हा काय प्रकार. वकील म्हणाले, विचारू द्या त्याला.

"मोरू, घे हातात," लतीफ म्हणाला. आवाज शेजारून यावा तसा हळू. "त्या दिवशी मी काय केलं, ते कर."

चाक गंजलेलं होतं. ते फिरताना कुरकुरायचं, बाहेर ऐकू यायचं. एकदा, दोनदा, बरेचदा. मग खट्ट करून थांबलं. "इथपर्यंत," मोरूचा आवाज आला. "बंद केलास. पुढं फिरत नव्हता." आणि मग, कुणी न विचारता, पॅकिंग, सुतळी, रघू. टाइपरायटर धावायला लागला.

कंपनीचा माणूस चिडला. "मग या जबाबावर सही का केलीस?"

आवाज चढला होता. आता हा थिजणार. लतीफ म्हणाला, "चाक सोडू नको. फिरवत राहा." थोड्या वेळानं कुरकुर पुन्हा सुरू झाली.

"साहेब ओरडले, वाल उघडा कोणी ठेवला, लतीफनंच ना," मोरू म्हणाला. "मी म्हटलं व्हय. दुसरा शब्द येत नाय मला तेव्हा."

"आणि गळती झाली तेव्हा आपण काय करत होता?" वकिलांनी विचारलं.

"उभा होतो."

"सायरनचं बटण कुठं होतं?"

"माझ्या हाताशी. हात उचलला नाय. उचलायचा होता. नाय उचलला."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला अनीसा शांतीकडं बघत होती. शांतीनं मान वर केली नाही. हे तिला परातीपाशी कळलं नव्हतं. तिनं वाल कसा असतो एवढंच विचारलं होतं. लतीफला बाहेर काढायला पंधरा मिनिटं लागली होती, हे साऱ्या चाळीला पाठ होतं.

आत लतीफ खोकला. मग त्यानं विचारलं, चौकशीत ज्याचा काही उपयोग नव्हता असं. "मी हाका मारल्या तुला. ऐकल्यास?"

"ऐकल्या. तीन. तिसरी अर्धीच होती."

टाइपरायटर थांबला. लतीफ म्हणाला, "वकीलसाहेब, हे नका लिहू."

"बरोबर आहे," वकील म्हणाले. "याचा आरोपाशी संबंध नाही. सोडून देऊ."

"नाय," मोरू म्हणाला. "लिहा."

शांतीनं सतरा वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. मग टाइपरायटर पुन्हा वाजू लागला, सावकाश, एकेक अक्षर.

दीड महिन्यानं लतीफला कामावर परत घेतल्याचं पत्र आलं. पण ते नंतर. त्या दुपारी पडदा सारून लतीफ बाहेर आला, तेव्हा शांती उठून उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं मनात जुळवलं होतं, निडी, खांब, हैबतराव, सगळं. तोंडातून एवढंच निघालं, "भाऊ, त्यांना जमलं नाय हो. मुद्दाम नाय."

लतीफनं भिंतीला हात टेकून दम घेतला. "भाभी, त्या दिवशी तिथं माझ्याशिवाय नऊ माणसं होती. नऊच्या नऊ जबाब वाचलेत मी. आठ जण पळाले, आणि आठही जणांनी लिहून दिलंय, आम्हाला काही ऐकू आलं नाही."

मग तो अनीसाला म्हणाला, रोह्याची एसटी भरलेली येते, मी पुढं जाऊन चार जागा धरतो.